बागेतल्या पर्गोलाचा ‘सुक्का’ होतो का? ज्यूंच्या मांडवाच्या सणाचे नियम काय सांगतात?

खारघर, उलवे किंवा नव्या पनवेलच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत गेलात, तर बागेच्या एका कोपऱ्यात पर्गोला दिसतोच. चार किंवा सहा खांब, वर समांतर पट्ट्या, खाली दोन बाक. संध्याकाळी तिथे ज्येष्ठ नागरिकांची बैठक भरते. पट्ट्यांवर कुठे मधुमालती चढवलेली असते, तर कुठे पावसाला कंटाळून कमिटीने पॉलिकार्बोनेटचे पत्रे ठोकलेले असतात.

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास एखाद्या ज्यू कुटुंबाचं लक्ष याच पर्गोलाकडे वेगळ्या कारणाने जातं. त्यांच्या सुक्कोथ या सणात सात दिवस घराबाहेर, मांडवात जेवायचं असतं. त्या मांडवाला पक्कं छप्पर चालत नाही आणि त्याच्या डोक्यावर मोकळं आकाश लागतं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे जमणं अवघड. बाल्कनी आहे, पण तिच्यावर आठव्या मजल्याची बाल्कनी आहे. मग बागेतला आयता पर्गोला चालेल का?

बहुतेक वेळा चालतो, पण आहे तसा नाही. गंमत म्हणजे, त्यात काय बदलावं लागतं याचा अंदाज सहसा चुकतो. माणूस आधी भिंतींचा विचार करतो. ज्यू धर्मनियमांचा, म्हणजे हलाखाचा, जवळजवळ सगळा भर छपरावर आहे.

मांडवाचा सण म्हणजे काय?

इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्यावर इस्राएली लोक वाळवंटात भटकत होते, तेव्हा ते तात्पुरत्या खोपटांत राहिले. त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात राहावं, अशी आज्ञा तोराहच्या लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. हिब्रूत अशा एका मांडवाला सुक्का म्हणतात, आणि सुक्कोथ हे त्याचं अनेकवचन. मराठी बायबलच्या भाषांतरकारांना यासाठी शब्द शोधावा लागला नाही, ‘मांडव’ होताच. हा पिकं घरात येण्याच्या काळातलाही सण आहे. म्हणून मांडवात फळं टांगतात आणि प्रार्थनेत चार वनस्पती हातात धरतात: खजुराची न उमललेली झावळी, मर्टल व विलो या झाडांच्या डहाळ्या आणि एत्रोग हे फळ. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग.

सण तिश्री महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे पौर्णिमेला लागतो. ज्यू पंचांगही आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिने चंद्राचे, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत सात अधिक महिने. त्यामुळे सुक्कोथ कोजागरीच्या तरी आसपास येतो, नाहीतर एक महिना आधी भाद्रपद पौर्णिमेला. २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरच्या आणि २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो सुरू झाला, आणि त्या दोन्ही रात्री कोजागरी होती. २०२६ मध्ये तो २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी, अनंत चतुर्दशीला सुरू होतो. म्हणजे एका गल्लीत गणपतीचा मांडव रिकामा होत असताना दुसरीकडे सुक्क्यात पहिलं जेवण. मंडप डेकोरेटरकडे त्या आठवड्यात बांबू मागायला गेलं तर काय उत्तर मिळेल, हे सांगायला नको.

पनवेलचा याच्याशी संबंध काय?

नवी मुंबई नवी असली तरी पनवेल जुनं आहे, आणि पनवेलमधलं बेथ एल हे सिनेगॉग १८४९ सालचं आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंडा, अलिबाग, पेण इथेही एकोणिसाव्या शतकातली सिनेगॉग आहेत. ही सगळी बेने इस्राएल समाजाची. नवगावजवळ फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण आलो, असं हा समाज परंपरेने मानतो. कोकणात ते तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, आडनावं गावांवरून: किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. २०१६ मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा इथे उरलेली संख्या थोड्या हजारांत मोजण्याइतकीच होती.

या समाजाच्या सणांची जुनी नावं मराठी आहेत. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, उपवासाचा ‘दारफळणीचा सण’, वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही नावं नोंदवलेली आहेत. तिश्री महिन्यातच ‘खिरीचा सण’ही होता. काही अभ्यासक त्याला सुक्कोथची पुसट झालेली खूण मानतात. मांडव घालण्याची रीत मात्र पुढे, कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांकडून आणि बगदादी ज्यूंच्या संपर्कातून समाजात रुजली. मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभं राहिलं. त्यानंतर सिनेगॉगच्या अंगणात नारळाच्या झावळ्यांचा सामुदायिक सुक्का घालणं हीच नेहमीची पद्धत झाली. प्रार्थनेनंतर सगळे त्याखाली जमतात, द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणतात, काही खातात आणि घरी जातात.

जो पनवेलच्या सिनेगॉगपासून चालण्याच्या अंतरावर राहतो, त्याचा प्रश्न तिथेच सुटतो. अडचण बेलापूर-खारघरकडे राहणाऱ्यांची. सणाच्या सुरुवातीच्या दिवसांत आणि शनिवारी काटेकोर पाळणारा माणूस गाडीत बसत नाही. रोजची जेवणं मांडवात घ्यायची तर मांडव घराजवळच हवा.

छपराबद्दल एवढा आग्रह का?

सुक्का हा शब्दच छपरावरून आला आहे. वर जे घालतात त्याला सखाख म्हणतात. कोकणात पावसाआधी घर ‘शाकारतात’, तसं काहीसं. सखाखाच्या अटी थोडक्यात अशा: ते जमिनीतून उगवलेलं हवं, जमिनीपासून तोडलेलं हवं, आणि त्याची भांडं किंवा वापरातली वस्तू बनलेली नसावी. नारळाची झावळी चालते, बांबू चालतो, लाकडाच्या अरुंद पट्ट्या चालतात. प्लास्टिक, कापड, पत्रा चालत नाही, त्यामुळे नर्सरीवाल्यांची हिरवी जाळीही बाद. झोपायची चटई वर टाकली तर तीही बाद, कारण ती वापरातली वस्तू आहे. पण शाकारण्यासाठीच विणलेला झाप चालतो. वस्तू तीच दिसत असली तरी ती कशासाठी बनवली हे पाहतात.

दाटी किती? उन्हापेक्षा सावली जास्त. निम्म्याहून थोडी अधिक सावली पडली की पुरे. रात्री चांदण्या दिसाव्यात इतपत विरळ असणं चांगलं, आणि जोराच्या पावसाचं पाणी आत येणारच नाही इतकं दाट नसावं, असा संकेत आहे. ज्याची पानं दोन-चार दिवसांत सुकून गळतील असा पाला टाळतात, कारण छप्पर सातही दिवस टिकलं पाहिजे. नारळाची झावळी सुकली तरी पात्या धरून राहते. कोकणातल्या सुक्क्याला तीच सगळ्यात सोयीची पडते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची अट. छप्पर ‘घातलेलं’ हवं, ‘आपोआप झालेलं’ नको. माणसाने सावलीसाठी हाताने रचलं पाहिजे. आयत्या पर्गोलाचा सगळा पेच या एका अटीत आहे.

वेल चढलेला पर्गोला चालतो का?

मराठीत मांडव शब्दाचे दोन अर्थ आहेत. लग्नाचा मांडव आणि दोडक्याचा, पडवळाचा, द्राक्षाचा मांडव. हलाखाने नेमका या दोन मांडवांमध्ये फरक केला आहे.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाच्या ‘सुक्का’ या भागात पहिल्याच प्रकरणात हे उदाहरण आहे: कोणी सुक्क्यावर द्राक्षाचा वेल, दुधी-भोपळ्यासारखा वेल किंवा आयव्ही चढवली आणि त्यावर सखाख घातलं, तर सुक्का बाद. कारण जिवंत वेल जमिनीशी जोडलेला आहे. म्हणजे मधुमालतीने किंवा बोगनवेलीने गच्च भरलेला पर्गोला दिसायला कितीही सुंदर सुक्का वाटला, तरी तो सुक्का नाही. त्याच्यावर चार झावळ्या टाकूनही काम होत नाही, कारण सावली वेलीचीच पडते.

त्याच परिच्छेदात दोन वाटाही सांगितल्या आहेत. घातलेलं सखाख वेलीपेक्षा कितीतरी जास्त असेल तर चालेल. किंवा वेल कापला तर चालेल. यावर पुढे ताल्मूदमध्ये वाद झाला. वेल खाली बुंध्याशी कापला, पण वर जसाच्या तसा पडून राहिला, तर तो माणसाने ‘घातला’ असं म्हणायचं का? निर्णय असा की नुसतं कापणं पुरत नाही. कापल्यावर फांद्या उचलून, हलवून पुन्हा ठेवायच्या. तेवढ्या हालचालीने ते छप्पर ‘केलेलं’ ठरतं. बाहेरून पाहणाऱ्याला आधी आणि नंतर काहीच फरक दिसणार नाही, पण नियमाच्या दृष्टीने मधे एक माणूस येऊन गेलेला असतो.

सोसायटीची मधुमालती बुंध्याशी कापण्याची परवानगी कुठलीही कमिटी देणार नाही, आणि देऊही नये. व्यवहारात सोपं ते असं: पर्गोलाचा जो भाग वेलीने व्यापलेला नाही तेवढाच घ्यायचा, किंवा माळ्याला सांगून वेलीचे तणावे एका बाजूला ओढून बांधायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर झावळ्या घालायच्या.

लाकडी आणि लोखंडी पट्ट्यांचं काय?

लाकडी पट्ट्या उगवलेल्या, तोडलेल्या, म्हणजे मुळात चालण्यासारख्या. पण त्या बिल्डरने कायमच्या ठोकल्या आहेत. फळ्या बसवलेल्या पण गिलावा न केलेल्या छताबद्दल मिश्नात चर्चा आहे. हिल्लेलच्या परंपरेचं मत होतं की फळ्या खिळखिळ्या करून पुन्हा बसवा, नाहीतर दोनांतली एक काढून तिथे सखाख घाला. शम्मायच्या परंपरेला दोन्ही हवं होतं. पर्गोलाच्या बाबतीत आज बहुतेक जण या भानगडीत पडत नाहीत. मूळ पट्ट्या नुसता आधार मानायच्या आणि वर इतक्या झावळ्या घालायच्या की पट्ट्या नसत्या तरी सावली पुरली असती. मात्र पट्टी फार रुंद नको. चार मुठी, म्हणजे साधारण ३२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंदीची फळी घराच्या छतासारखी दिसते म्हणून ती चालत नाही.

हलाखाची मापं मुठीत आणि हातात आहेत. मूठ म्हणजे बंद मुठीची रुंदी, साधारण ८ ते साडेनऊ सेंटिमीटर. सहा मुठींचा एक हात. ज्याने आजोबांना वीत आणि हात लावून वाफा आखताना पाहिलं आहे, त्याला ही मापं परकी वाटणार नाहीत.

नवी मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत लाकूड कुजतं, म्हणून बहुतेक पर्गोले लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. धातू सखाख म्हणून बाद. पण मिश्नाला हाही प्रश्न पडला होता. तिथे उदाहरण आहे मांस भाजायच्या लोखंडी सळयांचं: छताला अशा सळया असतील आणि त्यांच्यामधली जागा सळयांइतकी असेल, तर मधे सखाख घालून सुक्का चालतो. नंतरच्या पंडितांनी, मोकळी जागा सळयांपेक्षा थोडी जास्तच असावी, असं सांगितलं. पर्गोलाच्या पट्ट्या बहुधा चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि मधली फट त्याच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणजे मापात बसतं. काटेकोर मंडळी आणखी एक करतात: झावळी थेट लोखंडावर न ठेवता आधी आडवे बांबू टाकतात, म्हणजे सखाखाला आधारही उगवलेल्या वस्तूचाच मिळतो. बांधायलाही तार किंवा प्लास्टिकची पट्टी टाळून झावळ्या एकमेकींत अडकवतात किंवा नुसत्या ठेवतात.

पॉलिकार्बोनेटला मात्र माफी नाही. ते पारदर्शक आहे, आकाश दिसतं, उजेड येतो, तरीही ते छप्परच. त्याच्या खाली झावळ्या बांधल्या तर तो घरात घातलेला सुक्का. बोल्ट सोडवून पत्रे उतरवावे लागतात. सरकवता येणारं छप्पर असेल तर मोठी सोय. छप्पर उघडं असताना झावळ्या घालायच्या, पाऊस आला की ते सरकवून झाकायचं, जेवताना पुन्हा उघडायचं. सोळाव्या शतकातले पोलंडमधले धर्मपंडित मोशे इस्सरलेस यांनी बिजागरीच्या, उघडझाप करता येणाऱ्या छपराला परवानगी दिली आहे. युरोपातल्या काही जुन्या ज्यू घरांत अशी वर उचलता येणारी छपरं होती.

गझिबो, म्हणजे कौलारू किंवा पत्र्याचं गोल छप्पर असलेली छत्री, आहे तशी अजिबात चालत नाही. पण तिचं मधलं छप्पर उघडता येत असेल, तर एक चमत्कारिक सवलत आहे. कडेचं पक्कं छप्पर भिंतीपासून चार हातांच्या, म्हणजे साधारण १.९ मीटरच्या आत असेल, तर ते ‘वाकलेली भिंत’ समजतात. मधल्या मोकळ्या भागावर झावळ्या घातल्या की तेवढा भाग सुक्का होतो. फक्त ताट घेऊन मधेच बसायचं. कडेला, कौलांखाली बसून खाल्लं तर ते सुक्क्यात खाल्लं असं होत नाही.

मग भिंती?

भिंतींबाबत हलाखा उदार आहे. विटा, प्लायवूड, काच, पत्रा, कशाच्याही चालतात. तीन असल्या की पुरे. नियमाची किमान मर्यादा त्याहून थोडी कमी आहे, पण तीन बाजू बंद केल्या की वादच नको. उंची दहा मुठी, म्हणजे ८० सेंटिमीटर ते एक मीटरच्या आत. ती छपराला टेकायची गरज नाही, छपराच्या कडेखाली सरळ यावी एवढंच. आणि दोन गजांमधलं अंतर तीन मुठींपेक्षा, साधारण २४ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मधली फट नाहीच असं धरतात. पर्गोलाभोवतीचं मीटरभर उंचीचं नेहमीचं रेलिंग या मापात बसू शकतं. कापडी पडदे लावायचे तर ते वाऱ्याने फडफडणार नाहीत इतके ताणून बांधावे लागतात. खाडीवरून येणारा वारा पाहता पामबीचच्या बाजूला पडद्यांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

सजावट हवी तेवढी करावी: फळं, कागदी माळा, दिवे. फक्त डेकोरेटर छताखाली जे कापडी छत ताणतात ते इथे घोळ करतं. कापड सखाखापासून चार मुठींपेक्षा खाली लोंबलं, तर आपण झावळ्यांखाली नव्हे, कापडाखाली बसतो.

जागा आणि परवानगी

मिश्ना म्हणतं, झाडाखाली घातलेला सुक्का घरात घातल्यासारखा. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाची फांदी पर्गोलावर पसरली असेल तर तेवढा भाग सोडावा लागतो. फांदी छाटायची तर पालिकेच्या उद्यान विभागाला विचारा, त्यापेक्षा दोन मीटर सरकणं सोपं. वरून जाणारी बाल्कनी, पोडियमची कड, होर्डिंग, सगळं आधी मान वर करून पाहून घ्यायचं. इस्रायलमध्ये अनेक इमारतींत बाल्कन्या मुद्दाम एकाआड एक पुढेमागे काढतात, म्हणजे प्रत्येकीवर थोडं तरी आकाश राहतं. नवी मुंबईतही आकाशाला घराचा भाग मानणारी वसाहत आहे. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरला आखलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये बैठी घरं आणि मोकळी अंगणं होती. ज्यांनी अंगणावर पत्रा टाकलेला नाही, त्यांच्याकडे सुक्क्याची अर्धी तयारी आहेच.

परवानगी हा इथे नुसता सोसायटीच्या नियमाचा भाग नाही. ‘चोरीचा सुक्का’ हा ताल्मूदमध्ये स्वतंत्र विषय आहे. दुसऱ्याच्या किंवा सगळ्यांच्या जागेत हक्काशिवाय मांडव घालू नये, आणि सखाखासाठी दुसऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपण परस्पर तोडू नयेत, विकत घ्याव्यात, असं इस्सरलेस यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे कमिटीला आठवडाभरासाठी दिलेलं पत्र आणि झावळ्यांचे नारळवाल्याला दिलेले पैसे ही दोन्ही धर्माचीच कामं. पत्रात तारखा, जागा, दिवे कुठून घेणार, आगीची काळजी काय आणि कधी उतरवणार हे लिहिलं तर होकार लवकर मिळतो. सुकलेल्या झावळीला ठिणगी पुरते. मेणबत्त्या घरात आणि मांडवात बॅटरीचे दिवे, हे उत्तम.

परवानगी मिळाली नाही तर? वाट बंद होत नाही. दुसऱ्याने घातलेल्या सुक्क्यात पाहुणा म्हणून जेवलं तरी आज्ञा पाळली जाते. सुक्का ज्यू माणसाने, सणासाठीच घातलेला असावा असंही नाही. गुराख्यांनी, शेताच्या राखणदारांनी सावलीसाठी घातलेली खोपटं ताल्मूदने चालवून घेतली आहेत, छप्पर नियमात बसलं म्हणजे झालं. कोकणात भाताची राखण करायला झावळ्यांनी शाकारलेला माळा घालतात, तो या यादीत सहज बसेल.

पाऊस आला तर?

महामुंबईतली खरी परीक्षा ही आहे. हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईतून मान्सून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. सुक्कोथ सप्टेंबरअखेर आला की भर पावसात, आणि ऑक्टोबरच्या मध्याला आला तरी संध्याकाळच्या गडगडाटी सरी असतातच. झावळ्यांवर ताडपत्री टाकणं हा सोपा उपाय, पण ताडपत्री असेपर्यंत तो सुक्का नाही. जेवायच्या वेळी ती काढावी लागते.

आणि जेवताना पाऊस आला तर उठायचं. मिश्नाने मापही दिलं आहे: वाडग्यातली घट्ट पेज पाण्याने बिघडेल इतका पाऊस झाला की आत जावं. भिजत बसण्यात पुण्य नाही. पहिल्या रात्री मात्र थोडी वाट पाहतात, सर ओसरली तर निदान घासभर भाकरी सुक्क्यात खाता येईल म्हणून. आजारी माणसावर, प्रवाशावर आणि सुक्क्यात खरोखर त्रास होणाऱ्यावर बंधन नाही. डासांनी फोडून काढलं तर तोही त्रासच, हे नवी मुंबईकरांना जास्त सांगायला नको.

सुक्क्यात पाऊस येणं हा मिश्नाला अपशकुन वाटतो: चाकराने मालकासाठी प्याला भरावा आणि मालकाने तो त्याच्या तोंडावर ओतावा, तसं. हे इस्रायलचं हवामान बोलतं आहे. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस सुक्कोथनंतर सुरू होतो, म्हणून सण संपताना पावसासाठी खास प्रार्थना म्हणतात. पनवेलमध्ये तीच प्रार्थना चार महिने पाऊस झेलून झाल्यावर म्हटली जाते.

क्रम कसा ठेवायचा?

योम किप्पूरचा उपवास १० तिश्रीला संपतो. त्याच रात्री सुक्क्याला हात लावायचा प्रघात आहे, निदान एक बांबू तरी बांधायचा. मधे चार दिवस मिळतात. त्यात आधी भिंती उभ्या कराव्यात आणि सखाख शेवटी घालावं, कारण भिंतीशिवाय घातलेलं छप्पर हे सुक्क्याचं छप्पर होत नाही. वेल बाजूला करणं, पत्रे उतरवणं, रेलिंगच्या फटी मोजणं हे त्याच्याही आधी. सणाची पहिली संध्याकाळ झाली की बांधकाम बंद. शेवटच्या क्षणी आठवलेली झावळी मग तशीच खाली राहते.

सण उतरला की झावळ्या काढायच्या. त्यांचा अपमान होईल अशा जागी टाकू नये असं म्हणतात. नेहमीच्या कचऱ्यात कोंबण्यापेक्षा सोसायटीच्या खतखड्ड्यात त्या जास्त बऱ्या. बांबू जपून ठेवता येतात. आणि पर्गोलावरच काही राहिलं तर पुढच्या वर्षी ते तसंच वापरता येईल का, यावरही मिश्नात मतभेद आहेच: शम्मायची परंपरा जुना सुक्का नाकारते, हिल्लेलची स्वीकारते. प्रथा हिल्लेलच्या बाजूने पडली, पण एका अटीसह. सणासाठी त्यात थोडं तरी नवीन घालायचं, मूठभर चौरस जागेपुरतं का होईना.